अण्णांना विचारलंस का?

अगं, परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा मी विरजण लावत होते. "ताई, अण्णांचा रिपोर्ट आला," एवढं बोललीस आणि पुढे नुसता तुमच्या पंख्याचा आवाज. मला कळलं. रिपोर्ट चांगला असला की कुणी रात्री साडेदहाला फोन करत नाही.

फोनवर धड बोलता आलं नाही. अण्णांच्या खोलीचं दार उघडं, तू कुजबुजत होतीस, आणि मी इकडे नौपाड्यात "काय? काय?" करत होते. म्हणून हे लिहून पाठवतेय. निवांत वाच. मी डॉक्टर नाही, पण आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, वेळी याच वाटेने गेलेय आणि जाताना एक मोठी चूक करून बसलेय. तीच तुला सांगायची आहे.

पण आधी अण्णांचे आकडे. प्रोस्टेटचा कॅन्सर, पीएसए ९.२, ग्लिसन ३ अधिक ४ म्हणजे ७, आणि स्कॅनमध्ये हाडांत काही नाही. यातलं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाच. ते सगळ्यात चांगलं आहे.

ग्लिसन म्हणजे पेशी किती बिघडल्यात त्याचे गुण. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकाराचा आकडा आधी, दुसऱ्याचा नंतर. बेरीज ६ ते १०. ६ सगळ्यात सौम्य, १० सगळ्यात द्वाड. ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३, बेरीज दोन्हीकडे ७. पण अण्णांचं ३ आधी आहे, म्हणजे सौम्य पेशी जास्त. मधल्या गटातला आजार. पीएसए हा रक्तातला आकडा. तो नुसती ग्रंथी वाढली, लघवीत इन्फेक्शन झालं, नळी घातली तरीही चढतो. पुढे तो दर वेळी थोडा वर-खाली होईल, तेव्हा घर डोक्यावर घेऊ नकोस.

आणि खालच्या मजल्यावरच्या काकांचं "प्रोस्टेटचं ऑपरेशन" दुर्बिणीतून झालं नि तिसऱ्या दिवशी ते घरी आले, त्याच्याशी याची तुलना नको. ते वाढलेल्या ग्रंथीने अडवलेली लघवी मोकळी करण्याचं होतं. कॅन्सरचं ऑपरेशन म्हणजे अख्खी ग्रंथी काढणं. लोक दोन्हीला एकच नाव देतात आणि फुकटचे सल्ले देतात.

घाई नाही गं. अण्णांच्या गटातला हा आजार सहसा सावकाश चालतो. दोन-तीन आठवडे घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलंत तर काही बिघडत नाही. धावायचं ते मुख्यतः दोन वेळा: लघवी पार अडली तर, आणि ज्यांचा आजार हाडांत गेलाय त्यांची पाठ दुखून पायांतली ताकद जायला लागली तर. मग सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.

आता नानांचं. तुला माहीत आहे ते अर्धंच.

कळलं तेव्हा नाना ७९ वर्षांचे होते आणि आजार हाडांत उतरला होता. कंबर दुखते म्हणून वर्षभर बाम चोळत बसले होते. अशा वेळी पुरुषी हॉर्मोन बंद करतात, कारण हा कॅन्सर त्याच्यावरच पोसतो. हे दाखवून दिलं शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली, म्हणजे परळला टाटा हॉस्पिटल उघडलं त्याच वर्षी. पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हॉर्मोन बंद करायचे मुख्य रस्ते दोन: दर काही महिन्यांनी इंजेक्शन, नाहीतर अंडकोषातल्या गोळ्याच ऑपरेशनने काढून टाकणं. आजारावरचा परिणाम जवळजवळ सारखाच. इंजेक्शनचा खर्च चालूच राहतो, ऑपरेशनचा एकदाच.

घरात बैठक बसली. मुलगे, सुना, एक जावई, सगळे होते, नाना सोडून. "त्यांना सांगू नका, खचतील," असं डॉक्टरांना आम्हीच बजावलं. नानांना एवढंच कळलं की खालचं एक छोटं ऑपरेशन आहे. पोस्टात उभी हयात गेलेला माणूस. दुसऱ्याच्या मनीऑर्डरचं अक्षर न् अक्षर तपासणारा. स्वतःच्या फॉर्मवर मात्र आम्ही बोट ठेवलं तिथे सही करून मोकळा झाला. ते बोट माझं होतं.

उपचार लागू पडला, हे आधी सांगते. महिन्याभरात कंबर दुखायची थांबली, पीएसए धाडकन खाली आला. पण डिसेंबरातल्या रात्री दोन वाजता उठून पंखा पाचवर करायचे. अंगातून वाफा निघतात म्हणायचे. आपल्याला पाळी जाताना होतं ना, तेच. दंड सुकले, पोट सुटलं, बातम्या बघता बघता डोळे भरून यायचे. एका दुपारी मी चहा ठेवला, तर कपाकडे बघत म्हणाले, "माझं काय काढलं ते मला ड्रेसिंग करणाऱ्या मुलाकडून कळलं. मी नको म्हटलं नसतं गं. पण विचारायला हवं होतं."

मी काही बोलले नाही. बशी पुसत उभी राहिले.

म्हणून तुला पहिला प्रश्न हाच आहे. अण्णांना विचारलंस का? तू नाही, तर तुझ्या नवऱ्याने? अण्णा ७६ वर्षांचे आहेत, साखर आहे, स्टेंट आहे, पण शब्दकोडं पेनाने सोडवतात. रात्री घरात कुजबुज चाललीय हे त्यांना समजत नसेल असं वाटतं तुला?

आज एक वही घे. तिच्यात उपचारांची नावं लिहू नकोस. अण्णांचा एक दिवस लिही, त्यांनाच विचारून. पाचला उठणं. गणेश मंदिरापर्यंत पायी. येताना फडके रोडवर कुणी भेटलं की अर्धा तास. दुपारी नातीला शाळेच्या बसवरून आणणं. गुरुवारी लोकलने दादर, जुन्या ऑफिसातले मित्र. मग विचार, "अण्णा, यातलं काय गेलं तर चालेल आणि काय गेलेलं अजिबात चालणार नाही?" जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत लिही. डॉक्टर उपचार सांगतील तेव्हा एकेक उपचार त्या पानावर ठेवून बघायचा.

बघ कसं ते.

लक्ष ठेवणं. औषध नाही, ऑपरेशन नाही. यात दोन प्रकार आहेत आणि कुठला ते डॉक्टरांकडून स्पष्ट करून घे. एकात दर काही महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, लागली तर पुन्हा बायॉप्सी, आणि आजाराने कूस बदलली की बरं करण्यासाठी उपचार. दुसऱ्यात, वय आणि बाकीचे आजार बघून, तपासण्यांचा ससेमिरा नाही. त्रास होईल तेव्हा त्या त्रासावर इलाज. "काहीच करत नाहीत" असं लोक म्हणतील. म्हणू देत. आमच्या मजल्यावरचे काका पाच वर्षं असेच आहेत आणि मजेत आहेत. फुकट मात्र हेही नाही. पीएसएचा आठवडा आला की काकूंना झोप नसते. दहावीच्या निकालासारखं घर होतं.

ऑपरेशन. अख्खी ग्रंथी काढतात, हल्ली पुष्कळ ठिकाणी रोबोटच्या मदतीने. काही दिवस नळी, आणि नंतर काही महिने लघवीवर ताबा कमी. बहुतेकांचा बराचसा ताबा परत येतो, काहींचा पूर्ण येत नाही. वय जास्त तसा धोका जास्त. माझ्या ऑफिसातल्या एकांनी साठीत करून घेतलं. प्रकृती ठणठणीत, पण बॅगेत पॅड कायम. कल्याण ते दादर कुठल्या स्टेशनात कुठल्या फलाटावर मुतारी आहे ते त्यांना पाठ आहे. लोकलमध्ये संडास नसतो, हे डॉक्टरांच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं. अण्णांचा गुरुवार आठव. पंचाहत्तरीनंतर बहुतेक डॉक्टर स्वतःहून या उपचाराकडे वळत नाहीत, त्याला कारणं आहेत.

रेडिएशन. आठवड्यातले पाच दिवस, साधारण चार आठवडे, म्हणजे वीसेक खेपा. काही ठिकाणी निवडक पेशंटना पाचच. दुखत नाही. पण किरणं देताना मूत्राशय भरलेलं आणि मागचं आतडं रिकामं लागतं, म्हणजे आजूबाजूचा भाग वाचतो. ठरलेलं पाणी पिऊन बसायचं, आणि त्या दिवशी नंबर लांबला की म्हाताऱ्या माणसाची काय तारांबळ उडते! थकवा येतो, लघवीची घाई होते, पोट बिघडतं. बरंचसं नंतर निवळतं. काहींना पुढे संडासवाटे रक्त जातं. काही जणांना याच्या जोडीला काही महिने ते हॉर्मोनचं इंजेक्शन देतात. डॉक्टरांनी ते सुचवलं, तर साखर आणि स्टेंट आठवणीने सांग. त्या औषधाने साखर चढते, हाडं विरळ होतात, हृदयावरही भार येऊ शकतो.

आता तू म्हणशील, "ताई, पण जिवाचं काय? जास्त कशाने जगतील?" बरोबर आहे. ब्रिटनमध्ये यावर एक मोठी पाहणी झाली, प्रोटेक्ट नावाची. ५० ते ६९ वयाचे १,६४३ पुरुष, सगळ्यांचा आजार रक्ततपासणीतून वेळेत सापडलेला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले: एकावर लक्ष, एकाला ऑपरेशन, एकाला रेडिएशन. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशोब बाहेर आला. तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले शंभरात तीनच्या आसपास. लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र साधारण दुप्पट होतं, शंभरात नऊ विरुद्ध पाच. ते लोक अण्णांपेक्षा तरुण होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नकोस. पण एवढं त्यातून नक्की घे, की वेळेत सापडलेल्या आजारात कुठली एक वाट घेतली नाही म्हणून माणूस लगेच जातो असं होत नाही.

आणि जास्त उपचार म्हणजे जास्त चांगलं, हे आपल्या मनातून जात नाही ना, त्यासाठी आपल्याच टाटाचं उदाहरण सांगते. त्यांनी जास्त धोक्याच्या गटातल्या २२४ पेशंटवर अभ्यास केला, २०२१ मध्ये छापून आला. अर्ध्यांना फक्त ग्रंथीवर किरणं, अर्ध्यांना ओटीपोटातल्या गाठींवरही. पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न चढलेले लोक जास्त किरणांच्या गटात शंभरात ९५, कमीच्या गटात ८१. केवढा फरक! पण तेवढ्या काळात जगण्या-मरण्याच्या आकड्यात फरक पडला नाही, आणि लघवीचा पुढे राहणारा त्रास जास्त किरणांच्या गटात शंभरात अठराच्या आसपास, कमीच्या गटात सात-आठ. कमावलं काय, गमावलं काय, दोन्ही त्यांनी शेजारी शेजारी मांडलं. तुमच्या डॉक्टरांनाही असंच विचार: "याने काय मिळेल? काय जाईल? आणि काहीच केलं नाही तर पुढच्या पाच वर्षांत काय होईल?" हा तिसरा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. तूच विचार.

डॉक्टर "दहा वर्षांचा" हिशोब बोलतील तेव्हा दचकू नकोस. आजार त्रास द्यायला जेवढी वर्षं घेईल, तेवढी वर्षं बाकीची प्रकृती साथ देईल का, एवढाच त्याचा अर्थ. त्यात वयाच्या आकड्यापेक्षा ताकद बघतात. घरी एक करून बघ. अण्णांना खुर्चीतून उठून पॅसेजमध्ये तीन मीटर चालायला लाव आणि परत येऊन बसायला सांग. १२ सेकंद किंवा जास्त लागली तर पडण्याचा धोका आहे, डॉक्टरांना सांग. उपचार कुठलाही घेतला तरी पाय मजबूत ठेवणं आपल्या हातात आहे.

आता न्यू जर्सीवाले तुझे दीर. रात्री व्हिडिओ कॉल करून "रोबोटिक करून टाका, पैशांची काळजी नको" म्हणतात. चिडू नकोस त्यांच्यावर. लांब राहिलेल्या मुलाला पैसे पाठवणं हेच जवळ येणं वाटतं. तिथे त्यांच्या ओळखीचे पंचावन्न-साठचे लोक ऑपरेशन करून महिन्याभरात कामावर गेलेले असतात. त्यांना ते वहीतलं पान पाठव. "अण्णांनी हे सांगितलंय" असं वर लिही. वाद आपोआप कमी होईल.

एक नाजूक गोष्ट, आणि ती सून म्हणून तू बोलू शकणार नाहीस. या उपचारांनी नवरा-बायकोच्या जवळिकीवर परिणाम होतो, हॉर्मोनच्या उपचाराने तर इच्छाच जाते. "या वयात कशाला तो विषय" असं आपण परस्पर ठरवून टाकतो. आपण कोण ठरवणारे? डॉक्टरांना आधी निरोप दे, "दहा मिनिटं अण्णा आणि आई, दोघांशीच बोला." तुम्ही मुलंसुना बाहेर बाकावर बसा. आम्ही सासूबाईंनाही काही विचारलं नव्हतं. त्या माऊलीने शेवटपर्यंत विषय काढला नाही, पण नानांचा पंखा पाचवर गेला की आपली चादर गुपचूप दुहेरी करून घ्यायच्या.

पैशांचं आणि प्रवासाचं थोडक्यात. सत्तरी पूर्ण झालेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. महात्मा फुले योजनेचंही बघ. तुमच्या हॉस्पिटलात हाच उपचार त्यात बसतो का, ते उपचार सुरू होण्याआधी विचार. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी रेल्वेची भाड्यात सवलत आहे, आणि लोकलच्या दिव्यांग डब्यातून जाता येतं. कागद जवळ ठेव. तरीही सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून परळ, वीस दिवस, ७६ वर्षांचा माणूस... विचार कर. मोठ्या हॉस्पिटलकडून सल्ला आणि आराखडा घेऊन रोजची किरणं घराजवळ घेता येतील का, हे विचारण्यात कमीपणा नाही.

आणि तू गं? पाणी किती प्यायले, गोळी घेतली का, रिपोर्टची फाइल कुठंय, सगळं तुझ्यावर येणार आहे, कारण आपल्याकडे ते येतंच. आठवड्यातला एक दिवस नवऱ्याच्या नावावर लिहून टाक. फाइल त्याच्या हातात, रांगेत तो. तू त्या दिवशी ठाण्याला ये. तलावपाळीला बसू.

तलावपाळीवरून आठवलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी दुधाच्या खुणा करते ना, जादा पिशवी, खाडा. त्याच चौकोनात खाली नाना पेन्सिलीने बारीक "त" लिहायचे. ज्या दिवशी तलावाला एक फेरी पूर्ण झाली, त्या दिवशी त. आजार कळण्याआधीच्या दोन महिन्यांत एकही त नव्हता. उपचारानंतर हळूहळू सुरू झाले, मग महिन्याला वीस-बावीस. साडेतीन वर्षांनी ते गेले, त्या वर्षीच्या पानांवर त विरळ होत गेलेले दिसतात. डॉक्टरांच्या फाइलमध्ये पीएसएचे आकडे होते. नानांचा हिशोब या पानांवर होता. आम्ही आधी विचारलं असतं, तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं की मला एवढंच हवंय, एक फेरी. कदाचित उपचार तोच झाला असता. पण तो त्यांचा झाला असता.

वही घेतलीस की जोडीला एक पेन्सिल घे. आज संध्याकाळी चहा दोन कप कर, अण्णांच्या खोलीत जाऊन बस. दार लावून घे, पण या वेळी आतून. झालं की फोन कर. साडेदहा वाजले तरी चालतील.